असं इंग्रजी कुणीच बोलत नाही

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी करते. वय ४४. शिक्षण मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. कॉलेजात असताना रात्री उशिरा टीव्हीवर जुने कृष्णधवल इंग्रजी सिनेमे लागायचे, ते आवाज बारीक करून बघायचे. अर्धं कळायचं नाही; पण त्यातली माणसं भांडायची तीसुद्धा अशी, की ऐकतच राहावं. ते वेड आजतागायत सुटलेलं नाही. आता फोनवर सबटायटल्स लावून बघते, आवडलेली वाक्यं वहीत उतरवते. 'ऑल अबाउट ईव्ह' तर पाठ व्हायच्या बेतात आहे.

मुलगी दहावीला आहे, इंग्रजी माध्यमात. ती म्हणते, "आई, असं इंग्रजी कुणीच बोलत नाही. आणि तुझे उच्चार तर अगदीच हे आहेत." नणंदबाई मला 'मडम' म्हणतात. हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण गेल्या महिन्यात आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या निरोप समारंभात वहीतलं एक भारदस्त वाक्य घालून मी इंग्रजीत चार शब्द बोलले. आधी सगळे गप्प, मग मागच्या रांगेत हसू फुटलं. तेव्हापासून वही कपाटात आहे.

कादंबऱ्या वाचायला घेते, पण डिक्शनरी बघण्यातच जीव जातो आणि तिसाव्या पानाशी गाडी अडते. हे माझं ढोंग आहे का? की गुलामी? या वयात मला तसं बोलता येईल का? आणि इंग्रजी क्लासिक्सचा चामडी बांधणीचा संच हप्त्यानं मिळतोय, तो घेऊ का?

– एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी म्हणते ते खरं आहे. असं इंग्रजी कुणीच बोलत नाही. तिला एवढंच माहीत नाही, की तेव्हाही कुणी बोलत नव्हतं. १९५० साली न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांच्या पार्टीत माणसं एकमेकांचं बोलणं तोडत, वाक्यं अर्धवट सोडत, मधेच सँडविच खात बोलत असणार. आपण बोलतो तशीच. 'ऑल अबाउट ईव्ह'मधली मंडळी जिन्यावर उभ्या उभ्या जे बोलून जातात, ते जोसेफ मँकिविझ यांनी टेबलाशी बसून लिहिलेलं आहे. त्यासाठी त्यांना पटकथेचं आणि दिग्दर्शनाचं अशी दोन ऑस्कर मिळाली. आदल्या वर्षी 'अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज'साठीही हीच दोन मिळाली होती. म्हणजे पडद्यावरच्या बाईंनी नुसतं ओठांतून काढलेलं वाटतं, त्यामागे त्या काळातला हॉलिवुडचा सगळ्यात तयारीचा लेखक बसलेला आहे. त्या सिनेमातला विखारी समीक्षक आठवा. सगळ्यात कातीव इंग्रजी त्याच्या तोंडी आहे. ते काम करणारे जॉर्ज सँडर्स जन्मले रशियात, सेंट पीटर्सबर्गला.

नट कॅरी ग्रँटचं तसंच. ब्रिस्टॉलमधला गरीब घरचा मुलगा, कसरतपटूंच्या एका मंडळीबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथे एक असं बोलणं घडवलं, जे धड इंग्लंडचं नाही, धड अमेरिकेचंही नाही. तसं बोलणारं गाव नकाशावर सापडायचं नाही.

पण मला यात सगळ्यात आवडते ती क्लॉड रेन्स यांची गोष्ट, आणि ती तुम्हाला जरा सविस्तर सांगते. 'कॅसाब्लांका'मधला तो लबाड, गोडबोल्या पोलीस कॅप्टन तुम्ही पाहिला असेलच. मखमली आवाज, प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवलेला. हे रेन्स लंडनच्या गरीब वस्तीत वाढले. बोलणं ठार कॉकनी, म्हणजे तिथल्या गोरगरिबांची बोली, त्यात 'र' म्हणता येत नसे. लहानपणीच ते लंडनच्या एका मोठ्या थिएटरात नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या म्हणून लागले. थिएटरचे मालक होते नामवंत नट हर्बर्ट बीअरबोम ट्री. पोराच्या अंगात काहीतरी आहे हे त्यांनी हेरलं आणि पदरचे पैसे खर्चून त्याला उच्चार शिकायला पाठवलं. आता पुढचं ऐका. १९१४ साली जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन' हे नाटक लंडनमध्ये पहिल्यांदा झालं तेव्हा फुलवालीला शुद्ध बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स कुणी केला? याच ट्री यांनी. रंगमंचावर जे केलं ते या गृहस्थांनी आधी खऱ्या आयुष्यात करून ठेवलं होतं, आणि हिगिन्सपेक्षा बऱ्याच माणुसकीनं.

गोष्ट इथे संपत नाही. ट्री यांनीच १९०४ मध्ये लंडनमध्ये नाट्यशिक्षणाची एक संस्था काढली होती, ती आज राडा या नावानं जगाला माहीत आहे. रेन्स पुढे तिथे शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक जॉन गिलगुड, ज्यांच्या आवाजाला गेल्या शतकात तोड नव्हती असं मानणारे आजही आहेत. आणि १९५३ च्या 'ज्युलिअस सीझर' सिनेमात (दिग्दर्शक पुन्हा आपले मँकिविझ) गिलगुड कॅशिअस होते, आणि अँटनीच्या कामाला होता मार्लन ब्रँडो, ज्याच्या पुटपुटण्याची तोवर सगळीकडे टिंगल होत असे. ब्रँडोनं गिलगुडना गाठलं, आपली भाषणं कशी म्हणायची ते विचारलं, त्यांच्याकडून ऐकून घेतलं. तो सिनेमा बघा. अँटनी सीझरच्या प्रेताशेजारी उभा राहून बोलतो तेव्हा ट्री यांनी ज्या पोऱ्यासाठी पैसे मोजले, त्याच्या शिष्याचा हात त्या बोलण्यावरून फिरलेला आहे.

आपल्याकडे गाण्याचं घराणं असतं, तसं हे आहे. कुणी जन्मतःच 'आत' नसतो, गुरूकडे बसून शिकावं लागतं, आणि ऐकणाऱ्यानं कुठल्या घरात जन्म घेतला हे कुणी विचारत नाही. तुमच्या पत्रात ओळीओळीत एक भीती दिसते, की ही दुसऱ्या कुणाच्या घरातली चीज आहे आणि आपण दाराशी उभं राहून चोरून ऐकतोय. त्या घरात राहायलाच कुणी नव्हतं हो. जे होते ते बहुतेक बाहेरून आलेले. इंग्रजी रंगभूमीवरचं सगळ्यात झगझगीत बोलणं कुणी लिहिलं ते बघा : गोल्डस्मिथ, शेरिडन, वाइल्ड, शॉ. चौघेही आयरिश. जोसेफ कॉनराड जन्मानं पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच, इंग्रजी शिकले विशी उलटल्यावर, जहाजांवर नोकरी करताना. पहिली कादंबरी १८९५ मध्ये आली तेव्हा चाळिशी जवळ आलेली. त्यांचं लिखाण आज इंग्रजी गद्याचा कळस म्हणून शिकवतात, आणि त्यांचं बोलणं मात्र अखेरपर्यंत इतक्या परक्या उच्चारांचं होतं की ऐकणाऱ्याला कान टवकारावे लागत. तेव्हा उच्चारांबद्दल मुलीनं दिलेला शेरा कॉनराडसाहेबांच्या शेजारी बसून वाचा. बरं वाटेल.

आता निरोप समारंभ.

तुम्हाला 'ती फुलराणी' माहीत असणारच, 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली केलेलं नाटक, भक्ती बर्वे यांची मंजुळा. मूळ शॉच्या नाटकात तिसऱ्या अंकात एक प्रवेश आहे. हिगिन्स आपल्या शिष्येला, एलायझाला, आईच्या घरी चहाला आणतो. बघू तरी, चारचौघांत चालते का. तिचे उच्चार निर्दोष झालेले आहेत. हवामानावर काय बोलायचं तेही पाठ आहे. आणि मग त्याच घोटीव, स्वच्छ, राजघराण्याला शोभेल अशा स्वरांत ती सांगायला लागते, की तिची मावशी इन्फ्लुएंझानं गेली असं म्हणतात, पण तिला वाटतं की म्हातारीला घरच्यांनीच संपवली. तिच्या टोपीसाठी. पाहुण्यांच्या हातातले चहाचे कप तसेच राहतात.

तुमच्या समारंभात झालं ते हेच, फक्त उलट्या दिशेनं. एलायझाची भाषा चहाची आणि मजकूर गल्लीतला. तुमची मंडळी बँकेची आणि भाषा दरबारातली. वाक्यात खोट नव्हती, म्हणताना तुम्ही अडखळला असाल असंही मला वाटत नाही. पण ते वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं ते एका विशिष्ट माणसासाठी, एका विशिष्ट क्षणी लिहिलं होतं, आणि त्यातलं काहीच तुमच्या शाखाधिकाऱ्यांना लागू नव्हतं. मागच्या रांगेतले हसले त्यांचं फार मनावर घेऊ नका. अशा समारंभांत मागची रांग हसण्यासाठीच बसते. पण जे साहेब निघाले होते त्यांना तुमच्याकडून काय ऐकायला आवडलं असतं? बहुधा ती कर्जमाफीच्या वेळची गर्दी, रात्री दहापर्यंत टॅली न झालेली रोकड, त्यांनी कुणाला न सांगता केलेली एखादी मदत. आणि हे मराठीत. चांगली भाषा आपल्या माणसांना सोडून दुसरीकडे बघत नाही, एवढं तर त्या सिनेमांनी तुम्हाला शिकवलं असेल.

या वयात तसं बोलता येईल का, असं विचारलंय. नाही येणार. वयाचा यात काही संबंध नाही. मुलीलाही येणार नाही, आणि लंडनमध्ये आज जन्मलेल्या पोरालाही नाही. तो प्रयत्न सोडून द्या. पण दुसरं काहीतरी येतं, आणि तुम्हाला ते आलेलं आहे. तुमच्याच पत्रातलं वाक्य बघा : "अर्धं कळायचं नाही, पण त्यातली माणसं भांडायची तीसुद्धा अशी, की ऐकतच राहावं." आधी स्वतःकडे कमीपणा घेतलात, मग 'भांडायची' म्हणून वाचकाला भलतीकडे नेलंत आणि शेवटी तीन साध्या शब्दांवर आणून सोडलंत. मँकिविझ यांचा धंदा हाच. तो तुम्ही मराठीत केलात, नकळत.

गुलामीचा प्रश्न मात्र मी असा हसून सोडणार नाही, कारण तो नणंदबाईंच्या टोमण्यापेक्षा मोठा आहे. ही भाषा इथे राज्यकर्त्यांबरोबर आली. २ फेब्रुवारी १८३५ च्या शिक्षणाबद्दलच्या टिपणात इंग्रज अधिकारी मेकॉले यांनी लिहून ठेवलंय, की युरोपातल्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयाचा एक कप्पा हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या बरोबरीचा आहे. त्या भाषा त्यांना येत नव्हत्या, हे त्यांनी त्याच टिपणात कबूलही केलंय. आणि त्रास हा, की हा उद्दामपणा त्यांनी अतिशय सुरेख इंग्रजीत केलेला आहे. वाक्यांचा तोल असा की डोळे मिटून ऐकावं, आणि मग डोळे उघडून पाहावं की आपल्यालाच शिवी दिलीय. सुंदर बोलणं खरं असतंच असं नाही, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. वहीत मेकॉले उतरवून घ्यायला माझी हरकत नाही; शेजारी तारीख आणि संदर्भ लिहा म्हणजे झालं.

पण आपल्या लोकांनी या भाषेचं काय केलं तेही बघा. विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी राज्यावर कडाडून टीका करत, आणि तेच अठराव्या शतकातले इंग्रज निबंधकार डॉक्टर जॉन्सन यांच्या प्रेमात होते. जॉन्सनच्या 'रासेलस' या कथेचं मराठी भाषांतर त्यांच्या वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी सुरू केलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली तेव्हा मराठी निबंधाला जी लांब पल्ल्याची, मुद्दा फिरवत फिरवत ठोकून बसवणारी वाक्यं मिळाली, त्यांवर त्या वाचनाची छाया स्पष्ट आहे. या गृहस्थांना गुलाम म्हणायची छाती कुणाला आहे?

आणि बाबासाहेब आंबेडकर. मला विचाराल तर उत्तम इंग्रजी कशाला म्हणावं याचं उदाहरण शोधायला सिनेमापर्यंतही जायला नको. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी केलेलं भाषण मिळवा आणि मोठ्यानं वाचा. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असं त्यात ते म्हणतात. मूळ इंग्रजीत 'रोड' हा एकच साधा शब्द दोनदा येतो, पहिल्यांदा मुक्तीकडे जाणारा, दुसऱ्यांदा खड्ड्याकडे. पुढे ते सांगतात, की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींनी भरलेल्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत : राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. एकाही शब्दासाठी डिक्शनरी लागत नाही. मराठी घरात वाढलेल्या माणसानं हे लिहिलंय, आणि ते ऐकताना सभागृहात मागच्या रांगेत कुणी हसलं नसणार.

आता त्या तिसाव्या पानाकडे वळू. तिथे तुम्ही अडता, कारण तुम्ही डोळ्यांनी वाचता. सिनेमा कानांनी ऐकत आलात, आणि पुस्तक हातात आलं की शाळा आठवते, पेन्सिल आठवते, शब्दार्थ आठवतात. ही पुस्तकं लिहिली गेली तेव्हा घरोघरी एकानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची अशी रीत होती. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचंच बघा, त्याचं शिक्षण धड झालेलं नव्हतं. बाराव्या वर्षी बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागलेला पोरगा, पुढे शॉर्टहँड शिकून पार्लमेंटमधली भाषणं उतरवून घेणारा बातमीदार झाला. तो कानानं लिहीत असे, आणि नंतर तिकीट लावून स्वतःच्या कादंबऱ्यांचं जाहीर वाचन करी. त्याची 'ब्लीक हाउस' उघडा. पहिलं वाक्य एका शब्दाचं : लंडन. दुसरा परिच्छेद सुरू होतो 'फॉग एव्हरीव्हेअर' असा. सुरुवातीच्या वाक्यांत बहुतेक ठिकाणी मुख्य क्रियापदच सापडत नाही, कारण चिखल आणि धुकं यांत काही पुढे सरकतच नाहीये. नुसतं बघत गेलात तर व्याकरण शोधाल आणि हैराण व्हाल. स्वयंपाकघराचं दार लावून मोठ्यानं वाचलंत तर धुकं अंगावर येईल.

लांब वाक्यांना घाबरू नका. याबाबतीत मराठी माणसाला इंग्रजापेक्षा सोपं जावं असं माझं मत आहे. (माझे सहकारी प्राध्यापक हे ऐकून मान हलवायचे, होकारार्थी की नकारार्थी ते कळलं नाही.) जॉन्सन किंवा इतिहासकार गिबन वाचकाला ताटकळत ठेवतात, मुख्य गोष्ट शेवटच्या शब्दांपर्यंत राखून ठेवतात. इंग्रजीत ही कसरत मुद्दाम करावी लागते, कारण त्या भाषेचं क्रियापद लवकर येऊन मोकळं होतं. आपलं क्रियापद शेवटीच येतं, आणि 'नाही' तर त्याच्याही मागून येतं. समोरचा उसने पैसे परत देतोय की नाही, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही, आणि तोवर थांबायची आपल्याला जन्मापासून सवय आहे. तेच थांबणं इथे वापरा.

आणि डिक्शनरी पहिल्या वाचनाला लांब ठेवा. अवघड शब्दाचा अर्थ पुष्कळदा शेजारीच ठेवलेला असतो. मॅकबेथ राजाचा खून करून येतो, हात रक्तानं माखलेले. तो म्हणतो, सगळा समुद्रही हे रक्त धुऊ शकणार नाही, उलट हा हातच समुद्राला लाल करील. तिथे शेक्सपिअर 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इन्कार्नडाइन' असे दोन अगडबंब शब्द घालतो. त्या काळच्या प्रेक्षकांत अडाणी माणसंही उभी असत. मग पुढच्याच ओळीत तो तीच गोष्ट लहान मुलालाही कळेल अशी सांगून टाकतो : हिरवं होतं, सगळं एक लाल. 'द ग्रीन वन रेड.' मोठ्या शब्दांनी लाट उचलली आणि छोट्यांनी ती आपटली. अंगावर काटा येतो तो दुसऱ्या ओळीला. तुमच्या वहीत 'भारदस्त' वाक्यं किती आहेत ते मला माहीत नाही, पण एकदा चाळून बघा : खरोखर आवडलेल्या वाक्याचा शेवट बहुतेक वेळा एखाद्या बारक्या शब्दावर झालेला असेल.

वेगाचंही तुमचं गणित चुकतंय. 'ब्लीक हाउस' मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ अशी दर महिन्याला हप्त्याहप्त्यानं निघत होती, दर खेपेला ३२ पानं, किंमत एक शिलिंग. म्हणजे जी गोष्ट लोकांनी दीड वर्ष पुरवून वाचली ती तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत संपवायला निघालाय. तिसाव्या पानाशी थांबलात तर डिकन्सच्या हिशेबानं तुमचं या महिन्याचं वाचन जवळजवळ झालं की! तरी सुरुवात त्या कादंबरीनं करू नका. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या. ती डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात साप्ताहिकातून आली, त्यामुळे प्रकरणं छोटी आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी पुढच्याची ओढ लागते. एक पोरका मुलगा स्वतःची गोष्ट सांगतोय, भाषाही त्याच्या वयाबरोबर मोठी होते. दर रविवारी एक-दोन प्रकरणं. डेव्हिड लीन यांचा १९४६ चा सिनेमा पुस्तक संपेपर्यंत राखून ठेवा. तुमची पद्धत उलटी आहे हे मला माहीत आहे, पण यावेळी माझं ऐका.

त्याआधीही एक गंमत करता येईल. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चं, १८१३ सालचं, पहिलं प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे आणि जवळजवळ सगळं नवराबायकोचं बोलणं आहे. शेजारच्या बंगल्यात श्रीमंत, अविवाहित तरुण राहायला येतोय. बायकोला पाच मुलींची लग्नं दिसू लागलीत, नवरा कळूनही न कळल्यासारखं करतोय. हे संभाषण तुम्ही सांगली जिल्ह्यात शंभरदा ऐकलंय. ते दोघींनी वाटून मोठ्यानं वाचायचं, तुम्ही मिसेस बेनेट आणि मुलगी मिस्टर बेनेट. उच्चार तिचे चांगले आहेत ना? मग तिच्याकडून घ्या की, बिनधास्त. त्या बदल्यात कुठला शब्द खोचक आहे आणि कुठला भाबडा, हे तुम्ही तिला दाखवा. इंग्रजी माध्यमात ते शिकवत नाहीत, आणि तिचा कान अजून तुमच्याइतका तयार नाही. मात्र दहावीची परीक्षा होईपर्यंत तिला यात ओढू नका. त्या वर्षात घरी आणखी एक विषय वाढवणाऱ्या आईला कुठलंच पोर माफ करत नाही.

वही कपाटातून काढा, आणि यापुढे प्रत्येक वाक्याखाली एक ओळ लिहीत जा : कोण बोललं, कुणाला, आणि नेमकं काय लपवत होतं. हॉलिवुडवर १९३४ पासून सेन्सॉरचे कडक नियम आले. शयनगृह, व्यभिचार, पाप, कशाबद्दलच सरळ बोलता येईना, म्हणून लेखकांनी सगळं आडून सांगायची कला इतकी वाढवली की नियम गेल्यावर लोकांना तिचीच चुटपुट लागली. 'हिज गर्ल फ्रायडे' १९४० चा. त्यात हॉवर्ड हॉक्स यांनी वाक्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी मुद्दाम बिनमहत्त्वाचे शब्द ठेवले, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलली तरी मधला कामाचा भाग ऐकू यावा. असलं काही सापडलं की तेही टिपा. नुसती सुभाषितं जमवण्यापेक्षा त्यात कितीतरी मजा आहे.

राहिला संच. घेऊ नका. या सगळ्या पुस्तकांचे हक्क कधीच संपलेत. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर ती फुकट आहेत, आणि लिब्रीव्हॉक्स या दुसऱ्या वेबसाइटवर हौशी लोकांनी वाचून ठेवलेली ध्वनिमुद्रणंही फुकट आहेत, त्यातली काही भिकार आणि काही फार छान. छापील हवंच असेल तर मागे टिपा असलेली, विद्यार्थ्यांसाठी काढलेली जुनी आवृत्ती शोधा. पुण्याला आलात तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर टाका. चामडी बांधणीचं पुस्तक एका हातात धरून, दुसऱ्या हातानं कुकरची शिटी सांभाळत मोठ्यानं वाचता येत नाही. हप्त्याच्या पैशांत बरे हेडफोन येतील.